चौदाव्या मजल्यावरून पाहिलेलं एक वेत

अल नहदा एक नाही, दोन आहेत. एक दुबईत, दुसरं शारजात. मधे वेस नाही, ओढा नाही, मारुतीचं देऊळ नाही, नुसता रस्ता. या अंगाच्या इमारती शारजाच्या, त्या अंगाच्या दुबईच्या. लेक म्हणाली, "बाबा, समोर दिसतंय ना, तिथे तेवढ्याच खोल्यांचं भाडं बरंच जास्त." म्हणून ती राहते शारजात आणि नोकरी करते दुबईत, आणि तिच्यासारखे हजारो. पहाटे साडेपाचला चौदाव्या मजल्यावरून खाली पाहिलं की मोटारींचे तांबडे दिवे इत्तिहाद रोडकडे मुंग्यांसारखे सरकताना दिसतात. दुबईच्या नहदाला २०११ पासून मेट्रोची ग्रीन लाइन आहे. आमच्या नहदाला ती नाही, त्यामुळे जो तो आपापल्या स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलेला.

'नहदा' म्हणजे अरबीत जागृती, उत्थान. मला वाटतं, नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काहीतरी मोठं असेल. पण साडेपाच वाजता उठणाऱ्या वस्तीला ते एरवीही शोभतंच.

आम्ही दोघं २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथे गेलो ते लेकीच्या बाळंतपणासाठी. आमच्यासारखी जोडपी तिथे पुष्कळ. दुबईच्या बाजूला पाँड पार्क आहे, मधे तळं, भोवती चालायची वाट. मे महिन्यापर्यंत संध्याकाळी तिथे जाता येतं. मग हवा अशी होते की भट्टीचं दार कोणीतरी उघडं ठेवलंय. त्या वाटेवर पुण्याचे, त्रिशूरचे, कराचीचे, कैरोचे आजोबा एकाच वेगाने चालतात आणि ओळख करून घेताना पहिला प्रश्न एकच, "मुलगी की सून?" म्हणजे बाळंतपण कुणाचं.

नात झाली एप्रिलच्या शेवटी. पलीकडच्या दुबईच्या नहदात झुलेखा हॉस्पिटल आहे, तिथे एका पाकिस्तानी शेजारणीला भेटायला गेलो असताना एक गोष्ट कळली ती इथे सांगितलीच पाहिजे. हे रुग्णालय ज्यांच्या नावाचं, त्या डॉ. झुलेखा दाऊद आपल्या नागपूरच्या. शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. १९६४ साली त्या इथे आल्या तेव्हा हा देशसुद्धा झाला नव्हता. तो झाला १९७१ ला. वाळूत गाड्या रुतायच्या त्या काळात त्यांनी बाळंतपणं केली. १९९२ साली शारजात स्वतःचं रुग्णालय काढलं, २००४ साली दुबईत. २०१९ साली त्यांना प्रवासी भारतीय सन्मान मिळाला. विदर्भातल्या वाचकांना हे ठाऊक असेल, आम्हा कोकणातल्या माणसांना नव्हतं.

असो. इथल्या कायद्याप्रमाणे खाजगी नोकरीत बाळंतपणाची रजा साठ दिवस, त्यातले पंचेचाळीस पूर्ण पगाराचे आणि पंधरा अर्ध्या. पूर्वी पंचेचाळीसच होते. २०२२ पासून साठ झाले. शिवाय मूल सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज एक तास मिळतो. लेकीने तो तास संध्याकाळी लवकर निघायला वापरायचा ठरवला, आणि तो रोज इमानेइतबारे इत्तिहाद रोडवर खर्च होत असे.

जूनच्या अखेरीला ती कामावर रुजू झाली. त्याआधी दोन आठवडे 'आते' आली.

आते फिलिपाइन्सची. वय चाळिशीच्या आत-बाहेर. त्यांच्या तागालोग भाषेत मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात आणि अशा बाईला सगळे त्याच नावाने हाक मारतात. सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी ते 'आत्या' ऐकलं, आणि आमच्या घरात तिची आत्या झाली ती कायमची. आत्यासुद्धा खुशीत ओ द्यायची.

आता माझ्या धंद्याविषयी दोन शब्द, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलो आणि सगळी नोकरी सिंधुदुर्गात केली. गाई-म्हशी, शेळ्या सगळेच बघतात, पण माझ्या वाट्याला, काही योगाने आणि काही आवडीने, डुकरं आली. गोव्याला एल्याच्या कृषी संशोधन संस्थेत जाऊन शिकून आलो. गोव्याचं गावठी काळं डुक्कर, 'अगोंदा गोवन' म्हणून आता त्याची जात म्हणून अधिकृत नोंद आहे, ते मी तिथे पहिल्यांदा नीट पाहिलं. काटक, थोडक्यावर जगणारं, आणि आपल्या पिल्लांची काळजी घ्यावी तर त्यानेच. लग्नाच्या वेळी सासरे म्हणाले होते, "जावई डॉक्टर आहेत, पण पेशंटचं नाव काढू नका." दशावतारात वराह अवतार आला की हात जोडणारी आमची माणसं, पण गावच्या डुकराचा विषय निघाला की नाकाला पदर. ज्या वडार-कैकाडी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जनावरं सांभाळली, त्यांनाही त्याच पदराआड ठेवलं.

त्यामुळे गंमत अशी झाली, की आयुष्यभर जो विषय घरात जेवताना काढायचा नाही असा नियम होता, तो ऐकायला मला गिऱ्हाईक मिळालं ते अल नहदात. साऱ्या अमिरातीत डुकराचा गोठा नाही. दुबईतल्या काही मोठ्या दुकानांत आतल्या बाजूला वेगळी खोली असते, वर पाटी, 'मुस्लिमेतरांसाठी'. तिथे बाहेरून आलेलं मांस मिळतं. ज्यांना घ्यायचं ते घेतात, बाकीचे दारावरून जातात, कुणी कुणाला काही म्हणत नाही. मला ही रीत आवडली. लिफ्टमध्ये मात्र मी आणि आत्या 'जनावरं' एवढाच शब्द वापरायचो. शेजारच्या कुटुंबाला उगीच का अवघडून टाका?

आत्याच्या घरी, मनिलाच्या दक्षिणेला काही तासांवरच्या खेड्यात, एक डुकरीण होती. पहिल्या वेताची, गाभण. तागालोगमध्ये डुकरिणीला 'इनाहिन' म्हणतात. 'इना' म्हणजे आई. म्हणजे शब्दातच आई. आपल्या भाषेत त्या जनावराच्या नावाची शिवी होते.

तिकडे डुक्कर म्हणजे गरिबाची बँक. आपल्याकडे कोंबड्या-शेळ्या असतात तसं. शाळेची फी, कुणाचं आजारपण, वादळात उडालेलं छप्पर, काहीही निघालं की एक विकायचं. ज्याच्याकडे पैसा नाही तो दुसऱ्याचं जनावर पाळायला घेतो आणि पिल्लांत वाटा मिळवतो; त्याला 'पाइवी' म्हणतात. मी म्हटलं, "अगं, ही तर आमची अर्धल!" अर्धलीने शेळी देणं-घेणं कोकणात आजही चालतं. आत्या म्हणाली, "सर, पण तुमच्याकडे वाटणीवरून भांडणं होतात का?" म्हटलं, "वाटणीपुरतीच होतात असं नाही."

हे सगळं एकदा बुडालं होतं. आफ्रिकन स्वाइन फीवर नावाचा रोग २०१९ च्या सप्टेंबरात फिलिपाइन्समध्ये जाहीर झाला. माणसाला तो होत नाही, पण डुकराला झाला की जवळजवळ सगळी मरतात. औषध नाही. बुटाच्या मातीतून, उष्ट्या अन्नातल्या मांसातून तो पसरतो. आपल्याकडे २०२० मध्ये आसामात आला, २०२२ मध्ये केरळात वायनाडला. आत्याच्या घरची तीन जनावरं पुढच्याच वर्षी गेली, उरलेली मारून पुरावी लागली. त्यानंतर चार वर्षं गोठा रिकामा. ही इनाहिन तिने इथे नोकरी करून, पैसे पाठवून घेतलेली. घरी तिची आई आणि मुलगा. मुलाचं वय अकरा. ती पहिल्यांदा परदेशी निघाली तेव्हा तो सात महिन्यांचा होता. हे तिने भांडी पुसता पुसता सांगितलं आणि कपाटात भांडी लावायला वळली.

२ जुलैला डुकरीण व्याली. तिकडचे रात्रीचे दोन. आमच्याकडे १ तारखेचे रात्रीचे दहा, कारण ते चार तास पुढे. डुकराचा गाभणकाळ तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, म्हणजे ११४ दिवस. आत्याने दिवस चुकू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या आमच्या कालनिर्णयवर खुणा केल्या होत्या, एकादशी आणि संकष्टीच्या मधेमधे. अकरा पिल्लं जिवंत. सकाळी घरात आनंद. लेकीने ऑफिसला जाताना तिचं अभिनंदन केलं, सौभाग्यवतींनी शिरा केला.

अकरा वाजता आत्या बाल्कनीतून आत आली ती फोन हातात धरून. तिकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नाही म्हणून सगळे बोटिम वापरतात. पडद्यावर पत्र्याचं छप्पर, पावसाचा आवाज, आणि खाली डुकरीण पोटावर पसरलेली. पोटावर! कुशीवर नाही. मी एवढंच पाहिलं आणि चष्मा शोधायला लागलो.

इथे जरा समजावून सांगतो. गाईच्या कासेत दूध साठतं, वाटेल तेव्हा पिळता येतं. डुकरिणीच्या कासेत साठायला जागाच नाही. ती साधारण तासाभराने एकदा कुशीवर होते, हुंकार द्यायला लागते, पिल्लं आपापल्या सडाला लागून ढुसण्या देतात, हुंकार जलद होतो, आणि मग पान्हा सुटतो तो फक्त दहा-वीस सेकंद. संपलं. त्या वीस सेकंदांत जो सडाला नाही तो पुढच्या तासापर्यंत उपाशी. जन्मल्यापासून दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लाचा सड ठरतो. पुढचे सड दुधाला चांगले, म्हणून दांडगी पिल्लं तिथे. जन्मताच त्यांना सुईसारखे आठ दात असतात आणि जागेसाठी ती एकमेकांचे गाल फाडतात. आणि ज्या सडाला कोणी लागत नाही तो दोन-तीन दिवसांत आटतो, पुढच्या वेतापर्यंत उपयोगाचा नाही.

डुकरीण पोटावर पडून सड लपवायला लागली की समजावं, कास दुखतेय आणि दूध उतरत नाही. मुलगा हुशार. मी सांगितलं तसं त्याने घरातला तापमापक लावला. साडेचाळीस आणि वर. निरोगी डुकरिणीचं एकोणचाळीसच्या आसपास असतं. पाणी किती पिते विचारलं, तर आजी म्हणाली अर्धी बादली. व्यालेल्या डुकरिणीला दिवसाला वीस-तीस लिटर लागतं! पहिल्यांदा पाणी, मग पालिकेच्या पशुसहायकाला बोलावणं. औषध मी तिथून सांगितलं नाही. जो जनावराला हात लावू शकतो त्याने ते द्यावं. तो संध्याकाळी मोटारसायकलवरून आला आणि त्याने इंजेक्शनं दिली, पण तोपर्यंत पिल्लांचं काय?

एक गोष्ट जमेची होती. डुकराचं पिल्लू आईच्या पोटातून रोगप्रतिकारशक्ती अजिबात घेऊन येत नाही. ती सगळी चिकातून मिळते, आणि पहिल्या चोवीस तासांतच. त्यानंतर आतडं तिला आत घेत नाही. चीक व्यायल्यापासून काही तास जवळजवळ सतत गळत असतो. पिल्लं रात्रीपासून सकाळपर्यंत प्यायली होती. म्हणजे आईचं जे तिनेच द्यायला हवं ते मिळालं होतं. राहिलं ते दूध, आणि दूध दुसरीचंही चालतं.

कुंपणाला कुंपण लागून आत्याच्या चुलत भावाचं घर. त्याची डुकरीण तिसऱ्या वेताची, दोन दिवसांपूर्वी व्यालेली. सड चौदा, पिल्लं सात. सात सड रिकामे आणि दोन दिवस गेलेले, म्हणजे आटायच्या बेतात. एक रात्र उशीर झाला असता तर विषयच संपत होता.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. दोन गोठ्यांतली जनावरं एकत्र करायची म्हणजे एकाचा रोग दुसऱ्याला. जिथे एकदा सगळं पुरलं आहे तिथे हे सांगायला जीभ रेटत नाही. मी विचारत गेलो, आत्या भाषांतर करत गेली. महिन्याभरात कुठलं जनावर मेलं का? बाहेरून नवीन आणलं का? उष्टं-खरकटं घालता का? दोन्ही गोठ्यांत माणसं तीच की वेगळी? उत्तरं आली. दोन्हीकडे आजीच खायला घालते, तीच चप्पल. म्हटलं, मग गोठे दोन कुठे, एकच आहे. पिल्लं हलवा.

कुठली हलवायची यावरून आजीशी वाद झाला. आजी म्हणे, अशक्त आहेत ती दूधवालीकडे द्या, बिचारी जगतील. दया बरोबर, हिशोब उलटा. तिथली पिल्लं दोन दिवसांनी मोठी. त्यांच्यात अशक्त पिल्लू सोडलं तर ते सडापर्यंत पोचणारच नाही. पाठवायची ती दांडगी. अशक्त आईजवळ ठेवायची, म्हणजे जे थेंबभर येईल त्याला वाटेकरी कमी, आणि वर बाटलीने कोमट दूध थोडंथोडं, दर तासाला. आजी पाच मिनिटं काही बोलली नाही. मग तिने सर्वांत मोठी पाच उचलली.

डुकरीण पिल्लं ओळखते ती वासाने. पहिले एक-दोन दिवस ती फार चिकित्सा करत नाही, पुढे करते. म्हणून तिची सात आणि ही पाच, बारा जणांना एका खोक्यात तिच्याच अंथरुणातला पेंढा घालून अर्धा-पाऊण तास एकत्र ठेवलं. सगळ्यांना एक वास. अंधार पडल्यावर, ती कुशीवर असताना, सगळी एकदम सोडली. तिने मान उचलली, हुंगलं, एकाला नाकाने ढकललं. मुलाने त्याला धरून मागच्या सडाला लावलं. फोन त्याने खांबाला बांधला होता, त्यामुळे आम्हाला फक्त पाठ आणि पावसात चमकणारा पत्रा. आणि आवाज. हुंकार सुरू झाला, जलद झाला. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग सगळं एकदम शांत. पिल्लं गप्प झाली की समजावं, तोंडात दूध आलं. आमच्याकडे तेव्हा नात जागी होऊन रडायला लागली होती आणि तिला घ्यायला कोणी उठलं नाही, ते सौभाग्यवतींनी पुढे बरेच दिवस ऐकवलं.

मूळ आईजवळ सहा राहिली. त्यांच्यासाठी खोक्यात पोती आणि वर बल्ब. जुलैत तिकडे उकाडाच, पण नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला बत्तीस-चौतीस अंश लागतात. ओल्या हवेत ते गारठतं, गारठलं की ऊब शोधत आईला चिकटतं आणि तिच्याखाली सापडतं. मरणारी बहुतेक पिल्लं पहिल्या तीन दिवसांत अशीच जातात. सर्वांत लहान पहाटेला गेलं. दुसरं दुसऱ्या दिवशी आईखाली चिरडलं. आत्याने ते सांगितलं आणि नातीचे कपडे इस्त्री करत राहिली. तिसऱ्या दिवशी डुकरिणीचा ताप उतरला आणि थोडं दूध आलं. त्याच दिवशी सर्वांना लोहाचं इंजेक्शन दिलं, कारण डुकरिणीच्या दुधात लोह फार कमी असतं. नऊ राहिली.

भांडण झालं ते चौथ्या दिवशी, आणि रीतसर झालं. चुलत भावाची बायको म्हणाली, माझी डुकरीण बारा पाजतेय, तिला खुराक कुणाचा? माझी सात बारीक राहिली तर? तिचं म्हणणं चूक नव्हतं. पाजणाऱ्या डुकरिणीला दिवसाला पाच-सात किलो खाद्य लागतं आणि तरी ती अंगावरचं मांस झिजवून दूध देते. दोन दिवस फोनवरून इकडे-तिकडे झालं. शेवटी ठरलं, पाचातली दोन तिची, आणि खाद्याचं अर्धं पोतं आत्याकडून. आत्या म्हणाली, "सर, पाइवी." म्हटलं, "अर्धलच, जरा स्वस्तात."

याच दिवसांत आमच्या घरात दुसरा प्रश्न होता. लेक ऑफिसात पंपाने दूध काढून आणायची, तारखा घालून फ्रीजरमध्ये ठेवायची, आणि नात बाटलीला तोंड लावायची नाही. आत्याने दिली तर रडायची, आजीने दिली तर जास्त. मी आपलं सुचवलं, की लेकीचा वापरलेला गाउन आत्याने खांद्यावर घ्यावा. सौभाग्यवती भडकल्या. "अहो, माझ्या नातीला डुकराचे उपाय?" लेकीने मात्र न बोलता गाउन काढून दिला. तिसऱ्या दिवशी बाटली रिकामी झाली. गाउनमुळे की भुकेमुळे, ते नातीला माहीत. लेकीने संध्याकाळी रिकामी बाटली बघितली, "छान" म्हणाली, आणि आत जाऊन जरा वेळ बसली. मला ते कळलं, पण बापाने अशा वेळी चहा टाकण्यापलीकडे काय करायचं असतं?

पार्कातल्या वाटेवर कैरोचे एक निवृत्त मास्तर माझे चालसोबती होते. जुलैत आम्ही पार्क सोडून सहारा सेंटरच्या थंड हवेत चकरा मारायचो. नातीची गोष्ट मी त्यांना सांगितली, डुकरांची नाही. ते म्हणाले, आमच्याकडे दुसऱ्या बाईचं दूध प्यायलेलं मूल तिचंच होतं, तिच्या मुलांशी त्याचं लग्न होत नाही, बहीण-भाऊ होतात. पैगंबरांनासुद्धा हलीमा नावाच्या दाईने वाढवलं होतं. आणि मग म्हणाले, "बाटलीने मात्र काही होत नाही हं, ते आईचंच दूध." मी हे लेकीला सांगितलं. तिला ते आवडलं.

मोठ्या व्यापारी गोठ्यांत हा सगळा खटाटोप रोजचा असतो. डेन्मार्कमध्ये डुकरिणी आता सरासरी सतराच्या वर जिवंत पिल्लं देतात आणि सड असतात चौदा-पंधरा. म्हणून तिथे 'दाई' डुकरिणी वेगळ्या ठेवतात. एकीची पिल्लं तोडली की तिच्याखाली दुसरीची आठवड्याची पिल्लं, आणि त्या दुसरीखाली नवजात. हिशोब अचूक, कौशल्य वादातीत. पण त्या दाईला लोखंडी चौकटीत, जिथे वळतासुद्धा येत नाही, आणखी कित्येक आठवडे उभं राहावं लागतं. पिल्लं चिरडू नयेत म्हणून ती चौकट असते, हे खरं. पण स्वीडन, नॉर्वे, स्वित्झर्लंडने ती कायमची ठेवायला बंदी केली आहे आणि तिथेही डुकरं जगतात. माझं मत विचाराल तर सडांपेक्षा जास्त पिल्लं होतील अशी जात मुद्दाम घडवायची आणि मग दाई शोधत बसायचं, याला मी पशुपालन म्हणणार नाही. आमचं अगोंद्याचं काळं डुक्कर थोडी पिल्लं देतं आणि व्यायच्या आदल्या दिवशी पाला-पाचोळा ओढून स्वतः घरटं करतं. त्याला कोणी जागतिक विक्रम म्हणत नाही.

आम्ही जुलैअखेर कुडाळला परतलो. निघताना आत्याने मुलाशी बोलायला लावलं. इतके दिवस पाठच दिसत होती, आता तोंड दिसलं. त्याने मला 'लोलो' म्हटलं. लोलो म्हणजे आजोबा. मग एका पिल्लाचं नावही लोलो ठेवलंय म्हणाला. ते नाकाने ढकललेलं, मागच्या सडाचं. आईशी तो फारसं बोलला नाही, फोन तसाच आजीकडे दिला. आत्या म्हणाली, "तो असाच आहे, लाजतो." अकरा वर्षांत ती त्याच्याजवळ एकूण किती महिने राहिली हे तिने एकदा बोटांवर मोजून सांगितलं होतं. दोन्ही हातांची बोटं पुरली होती.

६ ऑगस्टला, पस्तिसाव्या दिवशी, पिल्लं तोडली. नऊच्या नऊ होती. वाटणीप्रमाणे सात आत्याची. चार विकून मुलाची शाळेची फी आणि पत्र्याचे पैसे दिले, तीन ठेवली. १२ तारखेला कुडाळला फोन वाजला, डुकरीण माजावर आलीय, नराकडे नेऊ का? दूध तोडल्यावर चार ते सात दिवसांत ती माजावर येतेच. मी विचारलं, बरगड्या दिसतात का. दिसत होत्या. पहिल्या वेताची, त्यात आजारी पडलेली. म्हटलं, हा माज सोडा, तीन आठवड्यांनी बघू, तोवर पोटभर खाऊ दे. आजीला हे पटलं नाही, तीन आठवडे म्हणजे तीन आठवड्यांचं खाद्य फुकट. पण या वेळी वाद लहान झाला.

सप्टेंबरात लेकीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयचा फोटो पाठवला. २ सप्टेंबरला लाल पेनाने गोल. तिथून पुढे बारीक अक्षरात आकडे, एक, दोन, तीन, पितृपक्षातून, नवरात्रातून, दिवाळीतून. ११४ हा आकडा पडला होता २५ डिसेंबरवर, आणि त्या चौकोनात शेपटीवाल्या डुकराचं चित्र. आत्याची रजा २० तारखेपासून मंजूर झालीय, तिकीट काढलंय. मी कळवलं, दोन-तीन दिवस मागे-पुढे होतं म्हणावं. २२ पासूनच खोक्यात पोती घालून बल्ब लावून ठेवा, आणि पाण्याच्या बादल्या मोजा.